इंग्रजी रौप्यपात्रांची पारख : प्रस्तावना

पानिपताच्या मोहिमेत, १७६० च्या ऑगस्ट महिन्यात, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली हस्तगत केली, तेव्हा फौजेचा पगार तुंबलेला आणि खजिना रिता असल्यामुळे लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याचे रुपये पाडण्यात आले. आपले इतिहासकार या घटनेची चर्चा राजकारणाच्या आणि रसदेच्या अंगाने करीत आले आहेत, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु ज्याला कारागिरीच्या इतिहासाची आस्था आहे त्याच्या मनात त्या छताविषयी निराळेच प्रश्न उभे राहतात. ते कोणी ठोकले होते, त्यावरील वेलबुट्टी कोणत्या वळणाची होती, पत्र्यास पत्रा कसा सांधला होता, या सर्वांची साक्ष टांकसाळीच्या मुशीत विरून गेली आणि मागे राहिले ते केवळ वजन.

हे आपल्याकडेच घडले असे मात्र नाही. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पार्लमेंटशी झालेल्या यादवीत पैशाला महाग झाला, तेव्हा १६४३ साली त्याने ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांकडून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेली चांदीची पात्रे मागवून घेतली आणि तेथेच टांकसाळ घालून त्यांची नाणी पाडली. त्या यादवीच्या पूर्वीचे घरगुती इंग्रजी रौप्यपात्र आज अत्यंत दुर्मिळ आहे, याचे एक मोठे कारण हेच. चांदीचे भांडे हे कोठेही असले तरी मेजावरची शोभा आणि अडीनडीचे धन अशा दोन नात्यांनी नांदत असते. आणि अडचण आली की पहिले नाते विसरून दुसऱ्यालाच हात घातला जातो. म्हणूनच जे भांडे शेदोनशे वर्षे मुशीतून वाचले, त्याची आजची स्थिती नीट वाचता येणे हा निव्वळ हौशी संग्राहकांचा विषय नसून इतिहासाच्या अभ्यासाचाच एक भाग आहे, अशी माझी दृढ धारणा आहे, आणि या ग्रंथाची प्रस्तावना लिहिण्याचे मी याच कारणाने आनंदाने मान्य केले.

इंग्रजी रौप्यपात्रांच्या अभ्यासाला जी एक सोय आहे ती जगातील फारच थोड्या हस्तकलांना लाभली आहे, आणि ती म्हणजे त्यांवरील सरकारमान्य छापांची अखंड परंपरा. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने असे ठरले की, चांदीची वस्तू स्टर्लिंग कसाहून, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी या प्रमाणाहून, हिणकस असता कामा नये, आणि तपासणीची खूण म्हणून तिच्यावर बिबळ्याच्या मुखाचा छाप उठविला जावा. १३६३ पासून कारागिराने स्वतःची खूण उमटविणे आवश्यक झाले. १४७८ पासून लंडनच्या सुवर्णकार श्रेणीच्या वास्तूत दरवर्षी बदलणारे वर्षाक्षर सुरू झाले. आणि १५४४ पासून चालता सिंह आला. पुढे १७८४ ते १८९० या काळात चांदीवरील कर भरल्याची निशाणी म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही या ओळीत सामील झाले. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड येथे कस-कचेऱ्या स्थापन झाल्या आणि त्यांनी अनुक्रमे नांगर व मुकुट ही चिन्हे धारण केली. पेशवे दफ्तरातील कागदावर जसा शिक्का, मिती आणि हस्ताक्षर एकत्र पाहावयास मिळते, तसेच एखाद्या साध्या चमच्याच्या दांड्यावर कर्ता, गाव, वर्ष आणि कस ही सारी माहिती पाऊण इंचाच्या जागेत एका ओळीत मांडलेली असते. आपल्या देशातील बहुतेक कारागीर निनावी राहिले. तिकडे साधी साखरचिमटी घडविणाऱ्याचेही नाव शोधता येते. ही तफावत आपण विषादाने का होईना, पण नीट ध्यानात घेतली पाहिजे.

या कलेच्या विकासाचे टप्पे ग्रंथात सविस्तर आलेच आहेत. नवख्या वाचकासाठी त्यांची दिशा तेवढी येथे सांगतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस नाण्यांच्या कडा कातरून ती चांदी भांड्यांकडे वळविण्याचा प्रकार इतका बोकाळला की, १६९७ पासून भांड्यांसाठी नाण्यापेक्षा उंच असा ९५८ चा ब्रिटानिया कस सक्तीचा करण्यात आला, आणि १७२० पर्यंत तो तसा राहिला. ही चांदी मऊ असल्याने तिच्यात साधे, भरीव, आकाराच्या सौष्ठवावर विसंबणारे काम अधिक शोभे. १६८५ साली फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य हिरावले गेल्यावर जे कसबी सोनार लंडनला आश्रयास आले त्यांनी ओतकामाची आणि उठावाच्या नक्षीची नवी तालीम आणली, आणि त्यांच्याच समाजातला पॉल द लामेरी हा रोकोको शैलीचा अग्रणी ठरला. १७६० नंतर ग्रीक-रोमन नमुन्यांवरून रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराने रूढ केलेले संयत, फुलांच्या माळांनी सजलेले वळण आले. याच काळात हेस्टर बेटमन या विधवेने पतीच्या पश्चात १७६१ साली स्वतःची खूण नोंदवून कारखाना नावारूपाला आणला. तिच्या चमच्यांची बारीक मण्यांची किनार मला आजही त्या शतकातील कित्येक राजेशाही पात्रांहून अधिक मनोहर वाटते. त्यानंतर पॉल स्टॉर या सोनाराची भारदस्त, दरबारी शैली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातील अलंकाराचा अतिरेक, आणि त्या अतिरेकाविरुद्ध १८८८ साली अ‍ॅशबीने स्थापिलेल्या हस्तकला-संघासारख्या मंडळींचे बंड, असा हा प्रवास आहे.

या प्रवाहाच्या शेजारून मुलाम्याचा दुसरा प्रवाह वाहतो, आणि दिल्लीच्या बाजारात गाठ पडते ती बहुधा त्याच्याशीच. १७४० नंतरच्या दशकात शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने तांब्याच्या पाटावर चांदीचा पत्रा उष्णतेने एकजीव करून दोन्ही एकत्र लाटण्याची युक्ती काढली; १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेच्या साहाय्याने चांदी चढविण्याचे पेटंट घेतले, आणि मग जर्मन सिल्व्हरवर मुलामा दिलेले चमचे-काटे डाक बंगले, रेल्वेची उपाहारगृहे आणि लष्करी मेस यांच्यामार्फत हिंदुस्थानभर पसरले. त्यांवरील इंग्रजी अक्षरांची रांग पाहून ती खऱ्या चांदीचीच छाप आहे असे समजणारे लोक अद्यापि पुष्कळ आहेत.

हिंदुस्थानात इंग्रजी धाटणीची चांदी आली ती दोन वाटांनी. एक वाट आयातीची. दुसरी येथील कारखान्यांची : कलकत्त्याचे हॅमिल्टन आणि कुक अँड केल्व्ही, मद्रासचे ऑर, भूजचे ओमरसी मावजी. या देशात ब्रिटिश अमदानीत सरकारी कस-कचेरी कधीच निघाली नाही. त्यामुळे या पेढ्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे, हत्तीसारखी चिन्हे आणि इंग्रजी छापांशी साधर्म्य राखणाऱ्या खुणा वापरल्या, आणि त्यांचा अर्थ लावताना अभ्यासकाची कसोटी लागते. कच्छची दाट पानाफुलांची वीण, लखनौचे शिकारीचे देखावे, काश्मीरचे शालीवरचे वळण, मद्रासच्या देवदेवतांच्या मूर्ती, हे सारे इंग्रजी चहादाणीच्या अंगावर चढले. मला या संकराविषयी विशेष ममत्व आहे, कारण यात आपल्या कारागिराने परकी घाट घेऊनही स्वतःचा हात सोडला नाही.

१९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात राजधानी दिल्लीला हलविण्याची घोषणा झाली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीचे उद्‌घाटन झाले. या वीस वर्षांत अधिकाऱ्यांचे बंगले, क्लब, पलटणींचे मेस आणि संस्थानिकांचे वाडे यांच्यासह मेजावरची चांदीही या शहरात दाखल झाली. संस्थानिकांचा थाट काय वर्णावा! १९२२ मध्ये इंग्लंडचे युवराज पतियाळाला आले त्या प्रसंगासाठी तेथील महाराजांनी लंडनहून सोन्याचा मुलामा दिलेला सुमारे १,४०० नगांचा चांदीचा मेजसंच घडवून घेतला होता. तोच २०१३ साली लंडनच्या लिलावात जवळजवळ वीस लक्ष पौंडांना गेला. आणि मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे उदाहरण पाहिजे असेल तर ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जावे : पंगतीच्या मेजावर रुळांवरून मद्याच्या सुरया आणि चिरूट फिरविणारी शिंद्यांची चांदीची आगगाडी तेथे अजून पाहावयास मिळते. १९४७ मध्ये इंग्रज गेले, फौजेची वाटणी झाली, संस्थाने विलीन झाली. आणि जामदारखान्यांतून, बंगल्यांतून निघालेला हा जिन्नस हळूहळू चांदणी चौकातील दरीबा कलानच्या तराजूपर्यंत आणि सुंदर नगरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांपर्यंत पोचला.

आता या ग्रंथाच्या गाभ्याकडे वळतो. सराफाच्या पेढीवर जुने रौप्यपात्र ठेवले की तो टंच काढतो, वजन करतो, घट धरतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्याच्या व्यवहारात काही खोट नाही. परंतु त्याच्या तराजूत कारागिरीला पारडे नाही. स्थितीची परीक्षा करणारा मनुष्य त्याच वजनाचा निराळा उपयोग करतो. अठराव्या शतकातील अनेक भांड्यांच्या बुडाशी, छापांपासून थोडे दूर, सुईच्या टोकाने कोरलेले आकडे आढळतात. हे ते भांडे प्रथम तयार झाले तेव्हाचे ट्रॉय वजन होय. समजा, एका तबकाखाली बारा औंस दहा पेनीवेट, म्हणजे साडेबारा औंस, असे कोरले आहे. ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा आणि आपला तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे हे वजन बरोबर ३३ तोळे ४ मासे भरले पाहिजे. ते अर्धाएक तोळ्याने कमी भरले तर दोन शतकांच्या घासण्यापुसण्याची ती स्वाभाविक झीज समजावी. तीन-चार तोळ्यांची तूट दिसली तर कोणीतरी कुलचिन्ह खरवडून काढले आहे, किंवा एखादा पाय अगर मूठ बदलली आहे, असा संशय घ्यावा. आणि वजन मुळापेक्षा वाढलेले आढळले तर मागाहून काही जोडले आहे हे निश्चित. आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असलेला तोळामाशाचा हिशेब लंडनच्या सोनाराच्या वजनाशी इतका बिनचूक जुळावा, हे पाहून मला मोठा संतोष वाटला. रुपयाचीही गोष्ट तशीच : १८३५ नंतरचा कंपनीचा रुपया वजनाने एक तोळा होता, पण त्याचा कस बाराशी अकरा, म्हणजे ९१६ च्या किंचित वर, म्हणून रुपये आटवून येथे घडविलेले पात्र स्टर्लिंगच्या कसाला थोडे उणे उतरते, आणि तेवढ्यावरून त्याला खोटे ठरविणे हा अन्याय होय.

वजनानंतर उजेड. खिडकीपाशी भांडे न्यावे आणि त्यावर तोंडाची वाफ सोडावी. स्वच्छ पृष्ठावर बाष्पाचा पातळ थर समान बसतो. जेथे डाख दिलेला आहे, ठिगळ बसविले आहे, किंवा दुसऱ्या भांड्याचे छाप कापून आणून बसविले आहेत, तेथे सांध्याची रेघ क्षणभर उमटते आणि विरते. ही छाप चिकटविण्याची युक्ती जुनी आहे : १७२० ते १७५८ या काळात औंसाला सहा पेन्स कर होता, आणि तो चुकविण्यासाठी काही कारागीर लहानशी वस्तू तपासून घेऊन तिचे छाप मोठ्या भांड्यात बसवीत. त्यानंतर अंगठा. कुलचिन्ह पुसलेल्या जागी पत्रा पातळ झालेला असतो आणि हलक्या दाबानेही लवतो. चमच्याच्या वाटीच्या कडेवरून बोट फिरवून पाहिले तर उजव्या हाताने जेवणाऱ्या पिढ्यांनी त्याची डावी बाजू अधिक झिजविलेली जाणवते. काट्याचे दात आखूड आणि अणकुचीदार झाले असतील तर त्याचे आयुष्य सरत आले असे समजावे. चारही दात एकसारखे, बोथट आणि अगदी सारख्या लांबीचे असतील तर आनंद मानण्यापूर्वी भिंग घ्यावे, कारण ते नव्याने कापून सारखे केलेले असू शकतात, किंवा मुळात तो काटा नसून चमचाच असू शकतो. सुऱ्यांच्या पोकळ मुठींत राळ भरलेली असते. गरम पाण्यात त्या पडल्या की पाते सैल होते आणि मूठ फाटते. चहादाणीची मूठ जेथे अंगाला मिळते तेथील बारीक चीर, झाकणावरचे आणि अंगावरचे छाप एकाच वर्षाचे आहेत की नाहीत, साध्या पेल्याला मागाहून चोच लावून त्याचे दुधाचे भांडे केले आहे काय, या सर्वांची विचारणा लेखकाने ज्या धीराने आणि क्रमाने शिकविली आहे ती खरोखर अनुकरणीय आहे.

यात सर्वांत अवघड प्रकरण पृष्ठाचे. जुन्या चांदीच्या अंगावर असंख्य सूक्ष्म ओरखड्यांचे जाळे तयार होऊन तिला जी मवाळ, किंचित निळसर झाक येते, ती कोणत्याही यंत्राने आणता येत नाही. आणि बाजारातील पॉलिशवाल्याच्या फिरत्या चाकावर ती काही मिनिटांत नष्ट होते. छापांच्या कडा गोल होतात, नक्षीचे शिखर सपाट होते, आणि भांडे क्रोमच्या नळासारखे झळकू लागते. आपल्या घरी चिंच, रांगोळी किंवा दंतमंजन लावून चांदी घासण्याची जी सवय आहे तिनेही हेच नुकसान संथपणे होते. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंनी. म्हणून लोकर, रबर आणि वर्तमानपत्राचा कागद तिच्याजवळ असू नये, आणि अंडे खाल्ल्याबरोबर चमचा धुवावा. मीठ तर याहून घातक : ओलसर मीठ चांदीत खड्डे पाडते, म्हणूनच इंग्रजी मिठाण्या आतून सोन्याच्या पाण्याने मढविलेल्या किंवा निळ्या काचेची वाटी बसविलेल्या असतात. दिल्लीच्या हिवाळ्यातील धुरकट हवा आणि पावसाळ्यातील दमट उकाडा यांत ही काळजी अन्य कोठल्याहीपेक्षा अधिक घेतली पाहिजे.

येथे लेखकाशी माझा एक मतभेद नमूद करणे मला उचित वाटते. पूर्वीची दुरुस्ती हाही भांड्याच्या चरित्राचाच भाग असल्याने ती तशीच ठेवावी, आणि मुलाम्याची वस्तू पुनश्च मुलामा देऊन नवी करू नये, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शेफील्डच्या जुन्या लाटीव मुलाम्याविषयी ते मला शतशः मान्य आहे. त्याच्या कडांवर डोकावणारे तांबडे तांबे हेच त्याच्या अस्सलपणाचे गमक आहे. परंतु रेल्वे वा मेसमधील विजेच्या मुलाम्याचे काटे-चमचे हे रोजच्या वापरासाठीच जन्माला आले. त्यांना पुन्हा पाणी चढवून एखाद्या कुटुंबाने जेवणात वापरले तर मला त्यात काही गैर दिसत नाही.

हा विषय आजच का निकडीचा झाला, याची दोन कारणे आहेत. चांदीचा भाव किलोला लाखाची मर्यादा ओलांडून गेला आहे, आणि भाव चढला की मुशीची भूक वाढते. पूर्वी ज्या भांड्याला मोडीपेक्षा नगाची किंमत अधिक येई, ते आता हिशेबाच्या सोयीसाठी आटविले जाते. दुसरे कारण कायद्याचे. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७६ च्या एप्रिलपासून अमलात आहे, आणि त्यानुसार शंभर वर्षांहून जुने, कलाकुसरीचे वा ऐतिहासिक महत्त्वाचे पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे दरबाराच्या काळातील चांदी तर या मर्यादेच्या आत आलीच आहे, आणि नवी दिल्ली वसत असताना आलेली चांदी वर्षागणिक तिच्यात येत आहे. अशा जिनसेचे वर्ष ठरविण्याचे ज्ञान गुरुग्राम-नोएडाच्या नव्या सदनिकांत ती हौसेने मांडणाऱ्यांना असणे अगत्याचे आहे, कारण जे ओळखता येत नाही त्याचे रक्षण होत नाही.

लेखकाने या ग्रंथात किमती दिलेल्या नाहीत, आणि त्यांच्या या निर्णयाचा मी पुरस्कार करतो. किंमत आज लिहावी आणि उद्या खोटी पडावी. छाप वाचण्याची रीत मात्र टिकते. छापांची चित्रे मूळ आकारात दिली आहेत, वजने औंस, तोळे आणि ग्रॅम अशा तिन्ही मापांत मांडली आहेत, आणि परिभाषेसाठी परक्या संज्ञांचा भडिमार न करता डाख, पोचा, घट, उठाव, मुलामा असे आपल्या सराफकट्ट्यावरचे शब्द निःसंकोचपणे योजले आहेत. मोठ्या संग्रहालयांतील नामांकित पात्रांपेक्षा घराघरांत सापडणारे सुटे चमचे, एकांड्या मिठाण्या आणि नावे कोरलेले खेळांचे पेले यांना अधिक पाने दिली आहेत, ती रसिकांना थोडी रूक्ष वाटतील. परंतु ज्याला शिकावयाचे आहे त्याच्या हाती हीच भांडी येणार आहेत.

वाचकांस माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरी, माहेरी वा सासरी, एखाद्या पत्र्याच्या पेटीत अशी चांदी असेल, तर ती मोडीत देण्यापूर्वी आणि घासण्यापूर्वी एकदा उजेडात आणावी, तिचे छाप या ग्रंथातील तक्त्यांशी ताडून पाहावेत, तिचे वजन लिहून ठेवावे, आणि ती कोणाकडून आली हे सांगणारे वडीलधारे माणूस हयात असेल तर त्याच्याकडून तेवढा तपशील वहीत उतरवून घ्यावा.